उंच माणसाची मान आणि माझी पट्टी

अठरा सप्टेंबर, गुरुवार. पितृपक्ष चालू होता. या पंधरवड्यात नवी गाडी कोणी घेत नाही, म्हणून आमच्याकडे दसऱ्याची तयारी चालते. पिरंगुटला पौड रस्त्यावर माझं गाडीच्या सीट कव्हरचं दुकान आहे. त्या सकाळी मी टेबलावर काळं रेक्झिन पसरून पट्ट्या कापत होते. चार बोटं रुंद, हातभर लांब. दसऱ्याला शोरूममधून हार घातलेल्या गाड्या थेट माझ्या दारात येतात, त्यांच्यासाठी. ही पट्टी म्हणजे माझी स्वतःची युक्ती आणि धंद्यातला माझा सगळ्यात मोठा अभिमान. तिच्याविषयीच लिहायचं आहे. पण आधी हेडरेस्ट म्हणजे काय ते सांगावं लागेल, कारण रोज गाडी चालवणाऱ्यांनाही ते ठाऊक नसतं.

सीटच्या पाठीवर दोन दांड्यांवर उभी असलेली छोटी उशी म्हणजे हेडरेस्ट. नावामुळे लोकांना वाटतं, ही डोकं टेकून डुलकी काढायची सोय. तसं नाही. मागून कोणी धडकलं की सीट तुमच्या पाठीला पुढं ढकलते आणि डोकं मात्र जागेवरच राहतं, म्हणजे मान मागं फेकली जाते. ती तशी जाऊ नये म्हणून ही उशी. तिचा वरचा काठ टाळूच्या बरोबरीनं हवा. तेवढं जमत नसेल तर निदान कानाच्या वर हवा. डोकं आणि उशी यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर पुरे. दांड्यांना खाचा असतात आणि एका दांडीच्या बुडाशी बटण असतं. उशी वर घ्यायची, खाचेत टक् असं वाजलं की वरून दाबून बघायची. खाली गेली नाही म्हणजे बसली. एवढंच शास्त्र आहे.

माणूस उंच असला की क्रम बदलतो. बसायची जागा खाली-वर होत असेल तर आधी ती खाली घ्यायची. मग सीट मागं सरकवायची. मग पाठ सरळ करायची, कारण उंच माणसं छताला डोकं लागू नये म्हणून पाठ आरामखुर्चीसारखी पाडतात आणि मग रस्ता दिसावा म्हणून हनुवटी पुढं काढतात. कासवासारखी. सगळ्यात शेवटी हेडरेस्ट. शेवटच्या खाचेच्या वर ओढायचं नाही, तिथं ती नुसती लटकते. उलटी फिरवून बसवायची नाही. मध्ये आणखी उशी घालायची नाही. हे मी आता सांगते आहे. दुकान काढल्यापासूनची चौदा वर्षं मी उशी वर घ्या असं एकदाही कोणाला सांगितलं नव्हतं.

माझी उंची चार फूट अकरा इंच. आधी मी ब्लाउज शिवायचे. आमच्या गावात लग्नाआधी बायका माझ्याकडे यायच्या, कारण माझ्या ब्लाउजला काखेत सुरकुती पडत नसे. नंतर शब्बीरभाई भेटले. पौडचे, घराणं कापूस पिंजणाऱ्यांचं. गाद्या कमी झाल्या आणि गाड्या वाढल्या, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून हे दुकान काढलं. मशीन त्यांचं, माप माझं. मी सीटला ब्लाउजसारखं कव्हर घालायला लागले. कुठं चुणी नाही, कुठं झोळ नाही.

फक्त एक गोष्ट डोळ्यांना खुपायची. हेडरेस्टची उशी आणि सीटची पाठ यांच्यातली फट. त्यातून दोन लोखंडी दांड्या दिसत, बगळ्याच्या पायांसारख्या. मी उशी पार खाली दाबली, फटीवरून पट्टी घेतली आणि उशीचं कव्हर पाठीच्या कव्हराला जोडून टाकलं. एकसंध. हात फिरवला तर शिवण कळणार नाही. उशीच्या मागच्या बाजूला दुकानाची खूण म्हणून छोटा पोपट भरला, म्हणजे मागं बसलेल्याला कळावं की काम कोणाचं. लाल दोरा भरपूर होता म्हणून पोपट लाल झाला.

शब्बीरभाईंनी पहिला नमुना वेगळा केला होता. उशीला सुटं कव्हर, आणि पाठीच्या कव्हराला बटणाच्या जागी काज.

"वहिनी, इथं काज ठेवू या. बटण दाबायला लागतं लोकांना."

"शर्ट आहे का हा? कशाला लागतं? मी बसून बघितलं, बरोबर आहे सगळं."

मी खरंच बसून बघितलं होतं. उशी पार खाली असली की तिचा काठ माझ्या टाळूच्या वर येतो. माझ्या मापानं गाडी उत्तम होती. शब्बीरभाई फार बोलत नाहीत आणि विसरत नाहीत.

पट्टी गाजली. माणपासून बावधनपर्यंत लोक फोटो दाखवून "अशीच फिनिशिंग" मागायला लागले. तक्रार एकही नाही. आमच्या धंद्यात तक्रार कशाची येते? रंग गेला, उसवलं, उन्हात चटका बसतो. मान दुखली तर माणूस डॉक्टरकडे जातो. सीट कव्हरवालीकडे कोण येतो?

डोक्यामागच्या या उशीचं लोक काय काय करतात ते मात्र मी हसत हसत बघत होते. माणचे एक जमीनवाले काका, पूर्वी भात लावायचे, आता खोल्या भाड्यानं देतात. त्यांनी मोठी गाडी घेतली आणि हेडरेस्टवरचं शोरूमचं प्लास्टिक दोन वर्षं काढू दिलं नाही. डोक्याला खोबरेल चोपडायची सवय, त्यामुळे मान टेकली की घसरायची. प्लास्टिक कधी काढणार विचारलं तर म्हणाले, "आवो, पलास्टिक हाय तवर नवी हाय. काडलं की जुनी." बावधनचा एक संगणकातला मुलगा हेडरेस्ट काढून उलटी बसवून आला. "काकू, ॲक्चुअली ती पुढे पुश करते. मी रिसर्च केलाय." मी म्हटलं, पाठ सरळ कर, मग पुश नाही करणार. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या पदवीवर शंका घेतली. कासारसाईच्या एका बाईंनी तर पुढच्या दोन्ही काढून घरी ठेवल्या, मागं बसणाऱ्या सासूबाईंना धरण दिसावं म्हणून. मला वाटायचं, जगात शहाणी मी एकटी.

तर त्या गुरुवारी अकराच्या सुमारास लक्ष्मण आला. त्याची बायको सगुणा बरोबर होती. लक्ष्मण मूळचा मुळशी धरणाच्या वरच्या डोंगरातला, घरी शेळ्या-मेंढ्या. सहा फूट तीन इंच उंच. माणच्या कंपन्यांमध्ये कामाला जाणाऱ्यांना सकाळी बावधनहून उचलायचं आणि संध्याकाळी परत सोडायचं, हे त्याचं काम. गाडी स्वतःची. चार वर्षांपूर्वी गाडी घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून कव्हरं करून घेतलेली. मध्ये एकदा मान आखडते म्हणून आला होता, तेव्हा मी त्याला मानेमागं बांधायची छोटी उशी दिली होती. दिली म्हणजे विकली.

"ताई, डोक्यामागल्या उशीचं कवर फाटलंय. उद्याच्याला शिवून पायजे."

"एवढी घाई?"

"उद्या दहाला गिऱ्हाईक येतंय. इसार द्यायला."

"पितृपक्षात?"

"घेनार घटाला. पितृपक्षात भाव पाडाया येतंय," सगुणा म्हणाली.

गाडी का विकतोस, हे विचारायची गरज नव्हती. त्याच्या गळ्याला पट्टा होता, डॉक्टर मानेला बांधतात तो. तरी मी विचारलं. वर्षभर मान दुखत होती. हाताला मुंग्या येत. गेल्या महिन्यात चांदणी चौकाच्या उतारावर गाडी उभी असताना मागून एक टेम्पो लागला. गाडीला ओरखडासुद्धा नाही. त्याची मान मात्र मागं गेली, ती तशीच राहिली. ठेकेदार म्हणाला, पट्टा घातलेला ड्रायव्हर बघून पॅसेंजर घाबरतात, काढून ये नाहीतर येऊ नको. तो कंपनीच्या फाटकाअलीकडे पट्टा काढायचा आणि पलीकडे गेल्यावर बांधायचा.

"आता बास झालं. भावाबरुबर बकऱ्या राखीन," तो म्हणाला.

"बकऱ्या कुणाच्या हायेत? माझ्या बापानं दिलेल्या. ह्यांना बगून पळत्यात त्या. आन् पोरगी बारावीला हाय, खोली हितं पिरंगुटात. गाडी ग्येली म्हंजी खोली ग्येली. मंग पोरीनं काय डोंगरावून चालत यायचं कालेजात?" सगुणानं हे माझ्याकडे बघून म्हटलं, पण ते त्याच्यासाठी होतं.

मी गाडीकडे गेले.

कव्हर कुठं झिजलंय त्यावरून माणूस कसा बसतो ते मला कळतं. जाड माणसाची डावी कड जाते, कारण तो तिथून घसटत उतरतो. खिशात किल्ल्या ठेवणाऱ्याचं बूड जातं. हेडरेस्ट झिजते ती मधोमध, डोक्याच्या जागी, तेलाचा गोल पडून. लक्ष्मणची मधोमध नव्यासारखी होती. फाटली होती वरच्या काठाला. नुसता काठ, जसा उंबरठा झिजतो तसा.

मी त्याला बसायला सांगितलं आणि बाहेरून, बाजूनं पाहिलं. चार वर्षांत हे मी कधी केलं नव्हतं. उशीचा काठ त्याच्या शर्टाच्या कॉलरपाशी संपत होता. वर वीतभर मान आणि डोकं उघडं. मी विकलेली छोटी उशी त्याच्या खांद्यांमध्ये रुतली होती आणि त्याला आणखी पुढं ढकलत होती. म्हणजे टेम्पो लागला तेव्हा मान त्या काठावरून मागं वाकली असणार. विळीवर दोडका वाकवावा तशी.

"लक्ष्मण, ही वर का नाही घेतलीस?"

"वर जाती व्हय?"

त्यानं गाडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी मी पट्टी जोडली. त्याला ती हलते हे कळायची वेळच आली नव्हती. त्याला वाटत होतं, गाडी बरोबर आहे आणि आपणच जास्त लांब आहोत. उंच माणसांचं हे नेहमीचं. दाराला डोकं आपटलं तर ते दाराची माफी मागतात.

आता खरं सांगायचं तर मी तोंड उघडलं ते असं म्हणायला, "या गाडीवाल्यांना उंच माणसांची काही पडलेलीच नसते." वाक्य निम्मं झालंही होतं. मागून मशीन थांबलं. शब्बीरभाई मान वर न करता म्हणाले, "काज."

एवढंच. चौदा वर्षांनी.

मी ब्लेड आणलं आणि पट्टी उसवली. माझी शिवण उसवायला मलाच वेळ लागला, इतकी ती पक्की होती. खाली बटण होतं, नवं कोरं. दाबलं, उशी वर घेतली. एक खाच, दोन, तीन. टक्. वरून दाबून बघितली. मग त्याची बैठक खाली घेतली, सीट मागं नेली, पाठ सरळ केली, छोटी उशी काढून टेबलाखाली टाकली आणि शेवटी हेडरेस्ट पुन्हा टाळूशी जुळवून घेतली. लक्ष्मण मागं रेलला. डोकं उशीला जाऊन लागलं तसा तो दचकला आणि मागं कोण आहे ते बघायला वळायला गेला. पट्ट्यामुळे वळता आलं नाही.

"कोण न्हाई, गाडीच हाय," सगुणा म्हणाली.

मग मी सांगितलं. पट्टी माझी, उशी खाली दाबली मी, बटण झाकलं मी, आणि वर ती दुसरी उशी विकली तीही मी. काज ठेवा असं शब्बीरभाईंनी सांगितलं होतं, ते मी ऐकलं नाही. दिसायला चांगलं दिसत नव्हतं म्हणून.

लक्ष्मण म्हणाला, "दिसतंय मातर झ्याक, ताई." मला शिवी चालली असती.

सगुणाचा स्वभाव तसा नाही. "वरीसभर आमी आवशीदं आनतोय. देवाला सांगून झालं, डाक्तरला सांगून झालं. आन् हे तुमच्या सुईचं काम व्हय?"

"सगळंच माझ्या सुईचं नसेल. पण बरंचसं असेल."

"मंग मान बरी व्हनार?"

"ते मी सांगू शकत नाही. मी डॉक्टर नाही. दुखणं आहे ते आहे. पण रोज त्यात भर पडत होती ती थांबेल. मागून पुन्हा कोणी लागलं तर मान अशी जाणार नाही. आठ दिवस चालवून बघा. तोवर गाडी देऊ नका."

"मागल्या टायमाला बी तुमचंच आयकलं व्हतं."

मी म्हटलं, "उद्या सकाळी मी स्वतः मागं बसते. रस्ताभर मान कशी राहते ते बघते. मग काय ते ठरवा."

सगुणानं पदर खोचला. "बगा. पन आठ दिसात फरक न्हाई पडला तर बकऱ्या तुमी राखायच्या. तुमी बुटक्या हाय, तुमाला बगून पळायच्या न्हाईत."

ते गेल्यावर मी टेबलापाशी आले. सकाळपासून कापलेल्या पट्ट्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या, कडा जुळवून. शब्बीरभाईंना म्हटलं, "दसऱ्याच्या सगळ्या कव्हरांना काज करा. उशी सुटी."

"बटण कुठल्या गाडीला डावीकडे असतं, कुठल्या उजवीकडे. दोन्हीकडे करतो."

"बरं."

"आणि या पट्ट्यांचं काय?"

"काहीतरी करू."

"पिशव्यांचे बंद होतील," ते म्हणाले आणि मशीन सुरू केलं. त्यांनी एकदाही "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. म्हणाले असते तर भांडता आलं असतं.

मग आधी दिलेल्या गाड्यांचा विचार आला. वहीत नावं आहेत, पण वही चाळायला मी बसले नाही. चौदा वर्षांत ज्यांना ज्यांना मी सुरकुतीविरहित करून पाठवलं, त्यांतले बुटके सुखात असतील. माझ्याएवढे. उरलेले कुठंतरी माना चोळत असतील आणि संगणकाला, गादीला, वयाला दोष देत असतील. त्यांना बोलवायचं म्हणजे फोन करून सांगायचं की तुमच्या कव्हरात काही बिघाड नाही, ते उत्तम आहे, म्हणूनच फाडायचं आहे. दुकानाचं नाव काय राहील? हा विचार मी केला, लपवत नाही. दुपारभर केला. बावधनच्या त्या मुलाचीही आठवण झाली. त्याची हेडरेस्ट उलटी होती, पण निदान निघत होती, कारण कव्हरं त्यानं माझ्याकडून घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मी लक्ष्मणच्या गाडीत बसले. बावधनला दोन मुली चढल्या, कानात गाणी. मी दोघींच्या मधोमध, म्हणजे मला त्याचं डोकं नीट दिसेल. एकीनं विचारलं, "आंटी, आप भी ऑफिस जा रही हैं?" मी म्हटलं, हो, फील्डवर्क आहे.

लक्ष्मणनं मानेचा पट्टा घातला नव्हता. सवय मोडत नाही, हनुवटी दोन-तीनदा पुढं गेली. मी मागून म्हणायचे, "डोकं." तो मागं टेकायचा. माणच्या अलीकडे नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या आणि आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. तिथं मी काही म्हटलं नाही. त्याचं डोकं आपणहून मागं गेलं आणि तिथंच राहिलं.

तो म्हणाला, "ताई, दुकतंय अजून."

"दुखणारच."

"पन टेकतंय." मग खिशातला फोन मागं माझ्या हातात दिला. "त्या गिऱ्हाइकाला लावा. फोनात 'गाडी' म्हनून नाव हाय."

मी लावला आणि त्याच्या कानाशी धरला. लक्ष्मण म्हणाला, "दहाला नगा येऊ... न्हाई, भाव वाडवत न्हाई... आवो, इकायचीच न्हाई अजून. आठ दिस बगतोय." पलीकडचा माणूस बरंच बोलला. मग लक्ष्मण म्हणाला, "मान आमची हाय," आणि मी फोन बंद केला.

तेव्हा मी पुढं पाहिलं. आमच्या पुढं पांढरी गाडी होती. मागच्या काचेतून चालकाच्या सीटची पाठ दिसत होती, काळी, एकसंध, कुठं चुणी नाही, दांड्या दिसत नाहीत. वर लाल पोपट. आणि पोपटाच्या वर कॉलर, मग लांबच लांब मान, मग छताला टेकायला आलेलं डोकं. माणूस डाव्या हातानं मान चोळत होता.

"गाड्या हलल्या की तू पुढं जा. मी येईन रिक्षानं," मी लक्ष्मणला म्हटलं, एका मुलीच्या पायांवरून पलीकडे झाले आणि खाली उतरले. पिशवीत ब्लेड होतंच. पुढच्या गाडीच्या काचेवर टकटक केलं. त्यानं काच खाली घेतली, वीस रुपयांची नोट पुढं केली, मग माझ्याकडे नीट बघून ओशाळला.

"सॉरी काकू. काय झालं?"

"तुमचं कव्हर मी शिवलंय," मी म्हटलं. "गाडी बाजूला घ्या. फाडायचंय."